टोस्ट हवाई : हॅम, अननस आणि वितळलेलं चीज

नाव हवाईचं असलं तरी हा टोस्ट जर्मन घरांतला आहे. युद्धानंतर पश्चिम जर्मनी सावरत होती, तेव्हा १९५५ मध्ये क्लेमेन्स विल्मेनरोड या तिथल्या पहिल्या टीव्ही-आचाऱ्यानं तो लोकप्रिय केला. डब्यातला अननस तेव्हा ऐटीची गोष्ट होती.

चार टोस्टना ब्रेडचे ४ स्लाइस, लोणी, शिजवलेल्या हॅमचे ४ काप, डब्यातल्या अननसाच्या ४ चकत्या, चीजचे ४ स्लाइस आणि ४ चेरी घ्या. ओव्हन २०० अंशांवर तापत ठेवा.

आधी अननसाकडे बघा, कारण टोस्ट बिघडतो तो त्याच्या पाण्यानं. चकत्या चाळणीत निथळू द्या, मग कागदी रुमालात दाबून दोन्ही बाजूंनी कोरड्या करा. हे दोन मिनिटांचं काम टाळू नका. ताजा अननस मी यात वापरत नाही. त्यातलं ब्रोमेलेन हे एन्झाइम प्रथिनं फोडतं, त्यामुळे हॅम आणि चीजला कधी कडवटपणा येतो. डबाबंद करताना अननस तापवलेला असतो, म्हणून ती भीती राहत नाही.

ब्रेड फिकट सोनेरी भाजा. ओव्हनमध्ये तो आणखी भाजला जाणार आहे. कोमट झाला की अगदी कडांपर्यंत लोणी लावा. लोण्याचा थर रस ब्रेडमध्ये मुरू देत नाही. त्यावर हॅम, मग अननस, सगळ्यात वर चीज. हॅम बाहेर लोंबत असेल तर दुमडून आत घ्या, नाहीतर टोकं करपतात.

चीज प्रोसेस्ड घेतलंत तर ते एकसारखं, मऊ वितळतं. गौडा किंवा एमेंटाल घेतलंत तर चव जास्त खुलते आणि वर तपकिरी ठिपके येतात. मला गौडाच आवडतं. फार जुनं, मुरलेलं चीज मात्र नको, ते तेल सोडतं.

ओव्हनच्या मधल्या कप्प्यात ८ ते १० मिनिटं ठेवा. चीज कडांवरून ओघळू लागलं की काढा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर करा. चीज वितळेल, वरचा खरपूस रंग तेवढा येणार नाही.

अननसाच्या मधल्या खळग्यात चेरी बसवा, हवी तर चिमूटभर पाप्रिका (लाल मिरचीची सौम्य पूड) भुरभुरा. दोन मिनिटं थांबा, कारण आतला अननस जीभ भाजवतो. मग सुरी-काट्यानं खा; हातात धरला तर सगळे थर घसरतात.