लहान मुलांना घेऊन दापोलीच्या समुद्रावर जायचंय? दिवस असे आखा

दापोलीची ट्रिप ठरली की व्हॉट्सअॅपवर कुणीतरी ठिकाणांची लांबलचक यादी पाठवतंच. पन्हाळेकाजीची लेणी, केळशी, वेळास, बुरोंडीचा परशुराम, दाभोळची चंडिकादेवी, उन्हवऱ्याचे गरम पाण्याचे झरे, आणि हे सगळं तीन दिवसांत. मोठ्यांना जमतं ते. पण बरोबर दोन ते सात वर्षांची पोरं असतील तर ती यादी बाजूला ठेवा, कारण त्या वयाच्या मुलांना ठिकाणं मोजायची नसतात, त्यांना वाळूत खड्डा खणायचा असतो, त्यात पाणी ओतायचं असतं आणि ते परत परत करायचं असतं. म्हणून दिवसाला एकच फिरणं ठेवा आणि समुद्रावर कधी जायचं ते भरती-ओहोटी बघून ठरवा. एवढं जमवलंत तरी सुट्टी चांगली जाते, बाकीचं सगळं याच्याच आजूबाजूला बसवायचंय.

१. मुक्काम एकाच ठिकाणी

रोज रूम बदलू नका. मुरुड, कर्दे किंवा आंजर्ले यातलं एक गाव निवडा आणि तिथेच रहा. मुरुड-कर्देचा किनारा लांब आणि सपाट आहे, ओहोटीला वाळू इतकी घट्ट असते की लहान मूल न पडता धावू शकतं. आंजर्ल्याला गर्दी कमी आणि नारळी-पोफळीची सावली भरपूर. लाडघरला लाल-तांबूस गोटे असतात, दिसायला सुंदर आहे, मोठी मुलं गोटे गोळा करत रमतातही, पण नुकतं चालायला लागलेल्या बाळाच्या पायांना तिथे त्रास होतो.

बुकिंगच्या वेळी समुद्र किती जवळ आहे हे सगळेच विचारतात, तुम्ही अजून दोन गोष्टी विचारा. वाडीतल्या विहिरीला कठडा किंवा जाळी आहे का? कोकणातल्या वाड्यांमध्ये विहीर असतेच, कधीकधी खोलीपासून दहा पावलांवर, आणि शहरातल्या मुलांना त्याची अजिबात सवय नसते. दुसरं म्हणजे रूम आणि किनारा यांच्यामध्ये गाड्यांचा रस्ता आहे का. घरगुती मुक्काम असेल तर जेवणाचं आधीच सांगून ठेवा, काकू, मुलांची आमटी तिखट घालायच्या आधी बाजूला काढा. मऊ भात, आमटी, घावन, नारळाचा रस, शहाळ्यातली मलई, यावर लहान मुलं मजेत राहतात. मासे खायला शिकवायचे असतील तर सुरमईच्या तुकडीपासून सुरुवात करा, मधला काटा मोठा असतो आणि दिसतो, तरी मुलाच्या ताटात टाकण्याआधी तुकडा हाताने कुस्करून बघाच.

२. कॅलेंडर उघडा आणि तिथी बघा

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, दोन्हींमध्ये साधारण सहा तास, आणि वेळ रोज पाऊण तासाने, जरा जास्तच, पुढे सरकते. कोकणात याचा जुना हिशोब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास भरती, आणि सकाळी नऊ व रात्री नऊच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात किंवा मोबाईलवर मिळते, पण तारखा ठरवायला हा हिशोब पुरतो.

यातून लहान मुलांसाठी चांगले दिवस सहज निघतात. अमावस्या किंवा पौर्णिमेला भरती अकरा-साडेअकराला, म्हणजे ओहोटी भल्या पहाटे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला. सूर्यास्ताला मोठा मोकळा किनारा! तिथून पुढे पंचमीपर्यंत सकाळीही चांगली वाळू मिळते. याउलट दशमी-एकादशीला ओहोटी येते भर दुपारी दीड-दोनला, जेव्हा उन्हामुळे मुलांना बाहेर काढायचंच नाही, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी वर चढलेलं असतं. शनिवार-रविवार दोन पर्याय असतील तर हे बघून ठरवा. एक मात्र आहे, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप आत जातं आणि तेवढंच जोरात वर येतं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, ते शांत असतं. त्यामुळे उधाणाच्या दिवसांत खडकांवर खेळत असाल तर परत फिरायची वेळ आधीच ठरवून ठेवा.

आणि महिना? नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान. मे मध्ये आंबे असतात पण उकाडाही असतो, सकाळी नऊनंतर किनारा सोडावाच लागतो. पावसाळ्यात कोकण सुंदर दिसतं हे खरं, पण लहान मुलांना घेऊन समुद्रात पाय ठेवायचे ते दिवस नाहीत, जून-जुलैमध्ये मासेमारीही बंद असते.

३. पहिल्या दिवशी फक्त पोचायचं

मुंबईहून किंवा पुण्याहून या, घाट आणि वळणं आहेतच. ज्यांना गाडी लागते त्या मुलांना निघताना दूध देऊ नका, कोरडं काहीतरी द्या, लाह्या, खाकरा, टोस्ट. मोबाईल बघू देऊ नका, मान खाली घालून स्क्रीन बघितली की ताम्हिणीत उलटी झालीच म्हणून समजा. ट्रेनने आलात तर खेड स्टेशन, तिथून दापोली गाडीने साधारण तासाभरावर. त्या दिवशी संध्याकाळी फक्त किनारा, बाकी कुठे जायचं नाही, मूल दमलेलं असतं आणि दमलेल्या मुलाला देवळाच्या पायऱ्या चढायला लावण्यात कुणालाच आनंद मिळत नाही.

४. किनाऱ्यावरची सकाळ

सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचारनंतर, या दोनच वेळा. टोपी, पूर्ण बाह्यांचा पातळ सुती शर्ट, निघायच्या वीस मिनिटं आधी सनस्क्रीन. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी.

पाण्यात किती जायचं याचा घरातला नियम आधीच ठरवा. लहान मुलासाठी त्याच्या गुडघ्यापर्यंत आणि मोठ्या माणसाचा हात धरून, बस. एका मुलामागे एक मोठं माणूस, नाव घेऊन ठरवलेलं, कारण "सगळे बघतायत" असं असलं की नेमकं कुणीच बघत नसतं. फोटो काढणारा माणूस हा लक्ष ठेवणारा माणूस नाही. लाटा फुटतायत त्याच्या मधेच एखादा पट्टा शांत दिसतो, लाट फुटत नाही, पाणी जरा गढूळ असतं, तो पट्टा सुरक्षित वाटतो पण तिथूनच पाणी आत ओढत असतं. तिकडे जायचं नाही. आणि खाडीच्या तोंडाशी तर मुळीच नाही, आंजर्ल्याला जोग नदी समुद्राला मिळते तिथे पाणी वरून संथ दिसतं, ओहोटीच्या वेळी ओढ जबरदस्त असते. गावातल्या माणसाला विचारा, कुठे पोहायचं नाही हे त्यांना पाठ असतं, आणि त्यांनी नको म्हटलं तर वाद घालू नका.

ओहोटीला ओल्या वाळूवर छोट्या छोट्या गोळ्यांची नक्षी दिसते ना, ती मुलांना नक्की दाखवा. इवलेसे खेकडे वाळू तोंडात घालून त्यातलं खाणं वेचून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. आवाज न करता बिळापासून चार हात लांब बसलं की दोन-तीन मिनिटांत ते बाहेर येतात. एरवी पाच सेकंद एका जागी न थांबणारी मुलं इथे श्वास रोखून बसतात, आणि यासाठी एक रुपया लागत नाही. शिंपले गोळा करू द्या पण आत जीव असलेला शंख परत ठेवायला शिकवा. जेलीफिश वाळूवर मेल्यासारखी पडलेली असली तरी हात लावू देऊ नका. चावलीच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, आणि डॉक्टर गाठा. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, १०८ ला फोन केला की अॅम्ब्युलन्स येते.

किनाऱ्यावर गाडी घालू नका, हे कळकळीने सांगतेय. घट्ट वाळू दिसली की लोक गाड्या पळवतात, तिथेच मुलं पाठ करून खड्डे खणत बसलेली असतात, वाळूत कासवांची घरटीही असू शकतात.

५. दुपार झोपेची

अकरा ते चार काहीही ठरवू नका. आंघोळ, जेवण, झोप. वाळू अंगाला चिकटलेली असेल तर आधी ती पूर्ण सुकू द्या, मग कोरड्या फडक्याने झटका, लगेच निघते. ओली असताना घासली तर कातडी लाल होते. मूल झोपलं नाही तरी पडवीत पत्ते, चित्रं, गोष्टी. हा वेळ खाल्लात तर संध्याकाळ रडारडीत जाते.

६. दिवसाला एक फिरणं

हर्णै बंदर. माझ्या मते लहान मुलांसाठी या पट्ट्यातली सगळ्यात भारी जागा. सकाळी आणि संध्याकाळी माशांचा लिलाव होतो, होड्या लागतात, टोपल्या उतरतात, बोली लावली जाते, आणि सुरमई, पापलेट, हलवा, म्हाकूल, मोरी असं सगळं समोर मांडलेलं. पायात न घसरणारे रबरी बूट घाला, खाली ओलं आणि चिकट असतं, आणि लोक काम करतायत तेव्हा त्यांच्या वाटेत उभं राहू नका. कोळणींना विचारलं तर त्या मुलांना माशाचं नाव, दात, कल्ले सगळं दाखवतात. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराशी जोडलेला. पावसाळा सोडून होड्या जातात तिकडे, पण उतरायला धड धक्का नाही, पाण्यात उतरावं लागतं, आत झाडोरा आणि काटेरी वाट, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना घेऊन जाऊ नका. त्यापेक्षा काठावरच्या कनकदुर्गावरून किल्ला दाखवा, ते पुरतं.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. गाडी वरपर्यंत जाते. देऊळ पूर्वी खाली किनाऱ्यावर होतं, पाणी चढलं आणि गणपती डोंगरावर चढून आला, खडकावर त्याचं पाऊल उमटलंय अशी गोष्ट गावात सांगतात. गाडीत बसल्या बसल्या ही गोष्ट सांगा, मग मुलं तिथे पोचून पाऊल शोधत राहतात. वरून समुद्र आणि सुवर्णदुर्ग दोन्ही दिसतात.

आसूदचा केशवराज. पोफळीच्या बागांमधून उतरायचं, ओढ्यावरचा पूल ओलांडायचा आणि मग जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढायच्या. सकाळीच जा, ओहोटी दुपारची असेल तो दिवस यासाठी छान. चार-पाच वर्षांचं मूल रमतगमत चालतं, त्याहून लहान असेल तर कडेवर किंवा पाठीवरच्या कॅरियरमध्ये. बाबागाडीचा इथे उपयोग नाही. वर गोमुखातून गार पाणी पडत असतं, तिथे पोचल्यावर मुलं ते पाणी सोडायला तयार होत नाहीत, वेळ हाताशी ठेवा.

दाभोळ-धोपावे फेरीबोट. गाडीसकट बोटीत चढायचं आणि वाशिष्ठीची खाडी पार करायची! पलीकडे गुहागर. काही मुलांना गुहागरपेक्षा फेरीच जास्त आवडते, मग नुसतं जाऊन परत आलात तरी चालेल.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला गेलात तर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळू शकतात, आंजर्ल्याला आणि वेळासला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला हे काम सुरू केलं, पुढे गावकऱ्यांनी ते उचलून धरलं. सकाळी आणि संध्याकाळी पिल्लं सोडतात, पण पिल्लं बाहेर आली असतील तरच, त्यामुळे मुलांना आधीच "नक्की दिसणार" असं सांगू नका. दोरीच्या मागे उभं राहायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश नाही.

७. बोट आणि वॉटर स्पोर्ट्स

मुरुड-कर्देहून सकाळी डॉल्फिन बघायला होड्या निघतात. मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते चढण्याआधी विचारा आणि घालून बघा, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. माप नसेल तर बसू नका, पैसे दिले असले तरी. पॅरासेलिंग, बनाना राइड वगैरे लहानग्यांसाठी नाहीच, कुणी "काही होत नाही ताई" म्हटलं तरी नाही.

८. पिशवीत काय

दोन जादा कपड्यांचे जोड, ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी, ओआरएस, तापाचं औषध, चिकटपट्ट्या, डासांचं मलम (वाडीत संध्याकाळी डास असतात), टॉर्च, आणि रोख पैसे, कारण काही ठिकाणी रेंज जाते आणि मग ऑनलाइन पेमेंट होत नाही. वाळूची खेळणी महाग घेऊ नका, जुना डबा, करवंटी आणि स्टीलचा चमचा पुरतो. मुलाच्या मनगटावर किंवा शर्टाच्या आतल्या बाजूला तुमचा फोन नंबर लिहून ठेवा, गर्दीच्या सुट्टीत हे फार कामाला येतं.

निघायच्या दिवशी घाई नको. सकाळी तासभर किनारा द्या, मग आंघोळ, पोटभर न्याहारी, आणि मूल दुपारी झोपतं त्या वेळेला घाट येईल असं निघा.