पाणी भरपूर होतं, तरी करपलं कसं?

इलेक्ट्रिक प्रेशर कुकरवर 'बर्न' (तळ करपतोय असा इशारा) दिसलं की आपण पाण्याला दोष देतो. पुढच्या वेळी वाटीभर जास्त ओततो. रस्सा पाणचट होतो आणि बूड लागायचं ते लागतंच. किमान पाणी हवंच (मध्यम आकाराच्या कुकरला साधारण एक कप; आपल्या कुकरचं माप माहितीपुस्तिकेत बघा), पण खरा प्रश्न तळाशी काय आहे हा असतो.

भांड्याखाली, तापणाऱ्या तबकडीच्या मधोमध सेन्सर असतो. तळ जास्त तापला की तो 'बर्न' दाखवतो. पातळ पाणी उकळून फिरतं आणि तळाची उष्णता वर नेतं. घट्ट प्युरी फिरत नाही. ती बसते, तापते, करपते.

माझी जुनी खोड म्हणजे कांदा परतायचा आणि त्यावरच सगळं ओतून झाकण लावायचं. तळाला चिकटलेले तपकिरी कण तसेच राहायचे. आता परतून झालं की अर्धी वाटी गरम पाणी घालते आणि लाकडी उलथन्याने बूड खरवडते. उलथनं गुळगुळीत फिरलं पाहिजे, कुठे खरखरलं तर अजून चिकटलेलं आहे. टोमॅटोची प्युरी सगळ्यात शेवटी, वरून. मग ढवळायचं नाही. हात शिवशिवतात, पण नाहीच. दूध आणि कॉर्नफ्लोअर प्रेशर गेल्यावर.

तळ स्वच्छ असूनही करपत असेल तर झाकणाकडे बघा. रिंग नीट बसली नसेल किंवा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, तर प्रेशर धरतच नाही आणि पाणी वाफ होऊन निघून जातं.

'बर्न' आलंच तर कुकर बंद करा, वाफ जाऊ द्या, झाकणावरची, प्रेशर असेपर्यंत वर राहणारी पिन खाली बसल्यावरच झाकण उघडा. नुसतं चिकटलं असेल तर गरम पाणी घालून खरवडा आणि पुन्हा लावा. काळं झालं असेल तर चमचा तळाला लावूच नका. वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढा आणि गॅसवर शिजवा. एकदा ढवळलं की करपट वास सगळीकडे.

करपलेलं भांडं स्टीलचं असेल तर त्यात पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, निवू द्या, थर सुटतो. नॉनस्टिक असेल तर कोमट पाण्यात भिजवा, तारेची घासणी नको. भांडं लख्ख होऊनही वास येत राहिला, तर झाकणाची सिलिकॉन रिंग काढून हुंगून बघा. वास बहुधा तिथेच मुरलेला असतो.