‘जरा घट्ट ऑइल घाला’ आणि इंजिन ऑइल निवडतानाच्या इतर चुका

गाडी थोडी जुनी झाली, टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, आवाज यायला लागला, की कुणीतरी सांगतंच: “आता जरा घट्ट ऑइल घाला, इंजिन शांत होईल.” गंमत म्हणजे बऱ्याचदा ते खरंच शांत होतं. म्हणूनच ही चूक इतकी टिकून आहे. आवाज दबतो, पण झीज तिथेच राहते.

आधी डब्यावरचे आकडे वाचू. ५डब्ल्यू-३० मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे वेट नव्हे, विंटर. त्याच्या आधीचा आकडा गार इंजिन सुरू होताना ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. तो जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ. नंतरचा ३० हा तापलेल्या इंजिनासाठी. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडचा दाटपणा साधारण ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) असतो, ४० चा १२.५ ते १६.३. पण गार असताना प्रत्येक ऑइल तापल्यावर असतं त्यापेक्षा कितीतरी घट्टच असतं. सकाळी स्टार्टर मारल्यावर पंपाला ते चेंबरमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीतून, उचलून पार वर व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत चढवायचं असतं, आणि तोवर वरचे भाग कालच्या उरलेल्या थरावर फिरत असतात. आपण अजून घट्ट ऑइल घालतो तेव्हा नेमका हाच वेळ वाढवतो.

शिवाय आजच्या इंजिनांत ऑइल फक्त वंगण नाही. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा त्याच्याच दाबावर चालते, आणि तिच्या वाटा अगदी बारीक असतात. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं, तर ती यंत्रणा गार असताना आळसावते, मायलेज पडतं, कधी चेक इंजिनचा दिवाही लागतो. उलटी चूकही तितकीच वाईट. ४० मागणाऱ्या इंजिनात मायलेजच्या मोहापायी २० घातलं, तर चढावर आणि भाराखाली बेअरिंगमधला थर तुटू शकतो.

काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेले असतात. तिथे उष्ण हवेत त्यांतला घट्ट ग्रेड घ्यायला काहीच हरकत नाही. तक्त्याबाहेर मात्र जाऊ नये. आणि इंजिन ऑइल पीत असेल, एक्झॉस्टमधून निळसर धूर येत असेल, तर आधी गळती, व्हॉल्व्ह सील, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातले वायू परत जळायला पाठवणारी झडप) आणि पिस्टनच्या रिंगा तपासून घ्या. घट्ट ऑइल हे त्यावरचं औषध नव्हे, फार तर पांघरूण.

दुसरी मोठी चूक म्हणजे ग्रेड जुळला की बाकी काही न वाचणं. दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असेल, तरी आतला मसाला वेगळा असू शकतो. पेट्रोल इंजिनांसाठी एपीआय या अमेरिकी संस्थेचं ‘एसपी’ हे मानक २०२० मध्ये आलं. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत कमी वेगाला मिश्रण अवेळी पेटतं, त्याची आणि टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी त्यात असते. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या डिझेल गाडीला तर कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. जळालेल्या ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये साचते आणि काजळीसारखी नंतर जाळून टाकता येत नाही.

रंगावरून निवाडा करणारेही खूप. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. काळजी करायची ती दुधाळ रंगाची, कारण तेव्हा कूलंट मिसळलेलं असू शकतं. फक्त छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत झाकणाखाली थोडा दुधाळ थर दिसला, तर ती बहुतेक साठलेली वाफ असते. डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) दुधाळपणा दिसला, तर गाडी चालवू नका.

डिपस्टिकवरून आठवलं: ‘थोडं जास्त असू दे’ हा उदारपणा नको. पातळी कमाल खुणेच्या बरीच वर गेली, तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून त्याचा फेस करू शकतो, आणि फेसावर दाब धरत नाही. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघा.

चुकून वेगळं ऑइल पडलं असेल तर? वाटेत कमी पडलं म्हणून दुसऱ्या ब्रँडचं अर्धा लिटर टाकलं, तर घाबरू नका, इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळतात. पूर्ण भरणाच एक ग्रेड इकडेतिकडे झाला असेल, तर गाडी न ताणता चालवा आणि लवकर बदलून घ्या. डीपीएफच्या गाडीत भलतं ऑइल भरलं असेल, तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. आणि गिअर ऑइल किंवा कूलंट ऑइलच्या तोंडात गेलं असेल, तर किल्लीला हातच लावू नका. आधी चेंबर रिकामा करा.

ऑइल बदलल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना एक्सलरेटर दाबू नका. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. तो पातळी नव्हे, दाब दाखवतो. विझला नाही, तर इंजिन लगेच बंद करून फिल्टर आणि ड्रेन प्लग बघा.