अमेरिकेतील पशुपालकांसाठी सरकारी मदत: काउंटीच्या कार्यालयात कोणत्या क्रमाने जावे

अमेरिकेच्या ग्रामीण काउंटीत, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागात, गुरे पाळणाऱ्या कुटुंबाला केंद्रीय कृषी खात्याकडून दोन निरनिराळ्या प्रकारची मदत मिळू शकते. दुष्काळ, हिमवादळ किंवा पुरात झालेल्या नुकसानीची भरपाई ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’ देते, तर कुरण, माती आणि पाणी यांची स्थिती सुधारणाऱ्या कामांसाठी ‘नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्वेशन सर्व्हिस’ पैसा देते. यांतली दुसरी संस्था धुळीच्या वादळांनी मधल्या राज्यांतली शेती उजाड केली त्या काळात, १९३५ साली, मृदसंधारणासाठी स्थापन झाली आणि १९९४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. बहुतेक ठिकाणी दोन्ही कार्यालये कृषी खात्याच्या एकाच सर्व्हिस सेंटरमध्ये असतात. पात्र असलेल्या माणसाचाही पैसा क्रम चुकल्यामुळे हातचा जाऊ शकतो, म्हणून येथे योजनांच्या यादीपेक्षा क्रमावर भर दिला आहे.

पहिली भेट फार्म सर्व्हिस एजन्सीची घ्यावी, आणि तीही काही अडचण येण्यापूर्वी. तेथे जमिनीला ‘फार्म नंबर’ आणि ‘ट्रॅक्ट नंबर’ दिला जातो. तो सातबाऱ्यासारखा हक्काचा उतारा नसून कृषी खात्याच्या नोंदीतला क्रमांक आहे. मात्र पुढचे जवळजवळ सर्व अर्ज त्याच्याच आधाराने चालतात. जाताना खरेदीखत किंवा भाडेपट्टा, ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी क्रमांक, आणि जमीन कंपनीच्या अथवा ट्रस्टच्या नावावर असल्यास तिचे दस्तऐवज व सही करण्याचा अधिकार कोणाला आहे याचा पुरावा न्यावा. तेथेच सहज धुपणारी जमीन व पाणथळ जागा यांच्या रक्षणाची हमी देणारा ‘एडी-१०२६’ हा फॉर्म आणि उत्पन्नाबाबतचा ‘सीसीसी-९४१’ भरून द्यावा. उत्पन्नाची मर्यादा सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या सरासरीने ९ लाख डॉलर आहे.

अमेरिकेत नोकरीसाठी येऊन जमीन घेतलेल्या मराठी कुटुंबांनी येथे विशेष लक्ष द्यावे. ज्यांच्याकडे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नाही, त्यांना अनेक योजनांत परदेशी व्यक्ती मानले जाते आणि पैसे मिळण्यासाठी भांडवल व जमिनीबरोबरच स्वतःचे श्रमही शेतीत घालावे लागतात. शिवाय १९७८ च्या कायद्याप्रमाणे अशा व्यक्तीने शेतजमीन घेतल्यावर ९० दिवसांच्या आत फार्म सर्व्हिस एजन्सीला कळवणे बंधनकारक आहे. अगदी लहान तुकड्यांना काही सूट आहे. एरवी हे टाळल्यास जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

नोंद झाल्यावर संधारणाच्या, म्हणजे नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्वेशन सर्व्हिसच्या, कार्यालयात जावे. तेथील तज्ज्ञ जमिनीवर येऊन पाहणी करतात आणि संधारण आराखडा तयार करून देतात, त्यासाठी शुल्क नसते. ‘मला कुंपण हवे’ असे म्हणण्यापेक्षा अडचण काय आहे ते सांगावे: गुरे ओढ्याकाठीच थांबतात आणि काठ ढासळतो, लांबच्या टेकडीवरचे गवत तसेच राहते, टेक्सास किंवा ओक्लाहोमात मेस्किट आणि सीडरची झाडे कुरण गिळत चालली आहेत. कुंपण, पाइपलाइन, पाण्याची टाकी, झुडपांचे निर्मूलन ही सारी कामे त्या अडचणीचे उत्तर म्हणून आणि चराईच्या आराखड्याचा भाग म्हणून मंजूर होतात. माझ्या मते पैशापेक्षाही हा आराखडा मोलाचा आहे, कारण कुरणाचे भाग पाडून प्रत्येक भागाला विश्रांती कशी द्यावी हे त्यातून समजते, आणि विश्रांती मिळाली की गवताची मुळे पुन्हा खोल जातात.

या कामांसाठीची मुख्य योजना ‘एक्विप’ (एन्व्हायर्न्मेंटल क्वालिटी इन्सेंटिव्ह्ज प्रोग्रॅम) या नावाने ओळखली जाते. ती १९९६ च्या शेती कायद्यातून आली आणि तिचा अर्ज वर्षभर देता येतो. मात्र राज्यागणिक ठरलेल्या तारखेपर्यंत आलेल्या अर्जांचीच त्या फेरीत गुणांकनाने निवड होते. अंदाजित खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते. ज्यांना शेती करून सलग १० वर्षांहून अधिक काळ झालेला नाही अशा नवख्यांना आणि माजी सैनिकांना ९० टक्क्यांपर्यंत दर आणि साहित्य घेण्यासाठी आगाऊ रकमेचीही सोय आहे. एरवी पैसे काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर येतात, म्हणून सुरुवातीचा खर्च कोठून करायचा याची तजवीज आधीच करावी. करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होण्यापूर्वी, लेखी सूट मिळालेली नसताना, काम सुरू करू नये. एकदा काम सुरू झाले की त्याला पैसे मिळत नाहीत, मग हेतू कितीही चांगला असो. भाडेपट्ट्याची जमीन असेल तर कराराच्या पूर्ण मुदतीत ती आपल्या ताब्यात राहील हे दाखवावे लागते, त्यामुळे मालकाशी बोलणे आधीच करून ठेवावे.

कुरण मुळातच चांगले राखलेले असेल तर पाच वर्षांच्या करारात ते काम पुढे वाढवणारी ‘सीएसपी’ (कॉन्झर्वेशन स्ट्युअर्डशिप प्रोग्रॅम) योजना पाहावी. गवताळ जमीन नांगराखाली किंवा इमारतींखाली जाऊ नये असे वाटणाऱ्यांसाठी ‘ग्रासलँड सीआरपी’ (कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम) आहे. तिच्यात १० किंवा १५ वर्षांसाठी वार्षिक भाडे मिळते आणि चराईही चालू ठेवता येते.

दुष्काळात चराई बुडाल्यास मिळणाऱ्या मदतीला ‘एलएफपी’ (लाइव्हस्टॉक फॉरेज डिझास्टर प्रोग्रॅम) म्हणतात. आपली काउंटी पात्र आहे की नाही हे दर गुरुवारी प्रसिद्ध होणाऱ्या दुष्काळ नकाशावरून ठरते, म्हणून तो नकाशा नियमित पाहावा. पण काउंटी पात्र झाली तरी चराईच्या क्षेत्राचा अहवाल फार्म सर्व्हिस एजन्सीच्या कार्यालयात दिलेला नसेल तर अर्ज अडतो. गुरे दगावल्यास ‘एलआयपी’ (लाइव्हस्टॉक इंडेम्निटी प्रोग्रॅम) योजनेतून भरपाई मिळते. त्यासाठी नुकसान लक्षात येताच कार्यालयाला कळवावे, तारखेसह छायाचित्रे काढावीत, पशुवैद्याचा दाखला घ्यावा, आणि हंगामाच्या सुरुवातीला किती जनावरे होती हे दाखवणाऱ्या खरेदी-विक्रीच्या पावत्या व लसीकरणाच्या नोंदी जपाव्यात. जनावरांची मोजदाद वर्षातून दोनदा लिहून ठेवण्याची सवय असली की हा अर्ज पुष्कळ सोपा होतो.

अर्ज फेटाळला गेल्यास निर्णयाचे पत्र नीट वाचावे, कारण दाद मागण्याचे मार्ग त्यातच दिलेले असतात आणि त्यासाठी साधारणतः ३० दिवसांची मुदत असते. फार्म सर्व्हिस एजन्सीच्या काउंटी समितीत स्थानिक शेतकऱ्यांनी निवडून दिलेले सदस्य बसतात. त्यांच्यापुढे फेरविचाराची विनंती करता येते, आणि तेथेही समाधान न झाल्यास कृषी खात्याच्या स्वतंत्र अपील विभागाकडे जाता येते. फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नये. विनंती लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.