शाळेची बाग आणि भाजीविक्री: या चुका टाळा

मेथी 30-35 दिवसांत काढणीला येते, हे आमच्या सातवीच्या पोरांना पाठ होतं. तरी आम्ही ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पेरली. दसरा ते दिवाळी 20 दिवस, म्हणजे मेथी तयार झाली ती नेमकी सुट्टीत. शाळा उघडली तेव्हा वाफ्यात पाण्यावाचून जून झालेली, कुठे कुठे फुलावर आलेली मेथी उभी होती. बकऱ्यांनी आवडीनं खाल्ली. शाळेच्या बागेचं किडीपेक्षा जास्त नुकसान वेळापत्रक करतं.

म्हणून तारीख उलटी मोजा. आधी गावच्या आठवडे बाजाराचा वार धरा, सुट्ट्या वगळा, मग मागे या: पालक-मेथीला महिना-सव्वा महिना, मुळा-कोथिंबिरीला 40-45 दिवस. सगळे वाफे एकदम पेरू नका. आठवड्याला एक पेरला की दर बाजाराला थोडी थोडी भाजी निघते.

भेंडी त्याहून हट्टी. एक दिवसाआड तोडावीच लागते. जूनच्या मध्यावर लावलेली भेंडी श्रावणात तोडणीला येते आणि तेव्हाच आपल्या खान्देशात कानबाई देवी बसते. रविवारी रोटांचा नैवेद्य, सोमवारी विसर्जन, वर्ग निम्मा रिकामा. मंगळवारी भेंडीचं टोक मोडून बघा: कटकन तुटलं तर विका, नुसतं वाकलं तर बियाण्याला ठेवा. सणासुदीची तोडणी शाळेला लागून घर असलेल्या पोरांकडे आधीच सोपवा.

कोथिंबीर उगवलीच नाही? धने अख्खे पेरले असतील. रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायचे, मग पेरायचे. आणि मे महिन्यात तो नाद सोडाच. जळगाव-भुसावळचं ऊन कोथिंबिरीसाठी नाही.

पावसाळ्यात मेथी पिवळी पडून बसली तर खत टाकत सुटू नका. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. गादीवाफे, म्हणजे जमिनीपासून उंच वाफे, करा. शेणखतही हाताला भुसभुशीत लागेल इतकं कुजलेलं हवं. उकिरड्यावरून ओलं आणलं की मुळं खाणारी हुमणी अळी सोबत येते.

भरताच्या वांग्याचा मोह खान्देशात कुणाला सुटलाय! पण रोप धरून पहिलं वांगं हाती यायला तीनेक महिने जातात. शेंडे माना टाकू लागले तर आत अळी आहे. तो शेंडा सुकलेल्या भागाच्या दोन बोटं खाली कापा आणि नष्ट करा. खताच्या खड्ड्यात टाकलात तर पतंग होऊन परत येईल. विषारी औषध पोरांच्या हाती द्यायचंच नाही. निंबोळीची पूड लिटरला 50 ग्रॅम, रात्रभर भिजवून गाळलेली, आणि फवारणी सरांनी करायची. दुकानातलं रंग लावलेलं बियाणंही उघड्या हातानं पेरू देऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं.

बाजारात आमची पोरं पहिल्यांदा बसली तेव्हा एका आजीनं अहिराणीत विचारलं, "कशी दिनी रे पोऱ्या मेथी?" (कशी दिली?) पोरगा गांगरला आणि शेजारच्या मावशींच्या निम्मा भाव सांगून बसला. ढीग दहा मिनिटांत संपला. मावशी मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, तुमचा पगार व्हतो, आमचा नाही." खरं होतं ते. आता सकाळी आधी भाव विचारतो, तोच लावतो. जुडी चार काड्या मोठी बांधतो, बस. जुडी आदल्या संध्याकाळी बांधून ओल्या गोणपाटात ठेवली की सकाळी ताजी राहते. सुट्टे पैसे घरूनच न्या.

हिशोबात दोन भोकं हमखास असतात. एक, पोषण आहाराच्या खिचडीत गेलेली भाजी कुणी लिहीतच नाही. तीही बाजारभावानं मांडा, नाहीतर वहीत बाग कायम तोट्यात दिसते. दुसरं भोक शिक्षक खोलीत आहे. "लिहून ठेव रे, उद्या देतो," म्हणत दोन जुड्या जातात आणि पोरगं सरांकडे पैसे मागणार कसं? आम्ही उधारीचं पान वहीतून काढून खोलीच्या दारावर चिकटवलं. माझं नाव सगळ्यात वर होतं, 40 रुपये.