एकटीने नाताळची क्रूझ: या चुका टाळा, यातल्या निम्म्या मी केल्यात

नाताळच्या क्रूझवरून परत आले तेव्हा मुंबईत बेलार्ड पियरला उतरताना माझ्या अंगात इस्त्रीचा कुर्ता होता, खांद्यावर बांधणीची ओढणी होती आणि पायात बाथरूमच्या निळ्या रबरी स्लीपर होत्या. शेवटच्या रात्री मोठी बॅग केबिनच्या दाराबाहेर ठेवायची असते, ती लोक रात्रीच खाली नेतात. मी शहाण्यासारखी बॅग ठेवली. सँडल बॅगेत होत्या. सकाळी कॉटखाली वाकून पाहिलं तेव्हा उजेड पडला.

सोबत कोणी असतं तर "अगं, पायात काय घालणार?" एवढं तरी विचारलं असतं. निघण्याआधी भावाने तीनदा विचारलं होतं, "ताई, नाताळात एकटीच? करमेल का तुला?" करमायचा प्रश्न आलाच नाही. फजिती केली ती बिल, घड्याळ आणि बॅग या तिघांनी. दुकटे लोक एकमेकांना आठवण करून देतात म्हणून ज्या चुका टळतात, त्या एकट्या माणसाकडून हमखास होतात. नाशिकहून कोणी या वर्षी जायच्या विचारात असेल तर त्यांच्यासाठी हे.

जाहिरातीतला आकडा आपला समजणं

'माणशी अमुक हजारांपासून' असं लिहिलेलं असतं ते एका केबिनमध्ये दोघं धरून. एकट्याने केबिन घेतली की रिकाम्या कॉटचेही पैसे आपणच भरायचे. याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात आणि सणाच्या तारखांना ते बहुतेक वेळा जवळजवळ दुप्पट भाड्यापर्यंत जातं. त्यावर पोर्ट चार्जेस, जीएसटी, कर्मचाऱ्यांची टिप. म्हणजे जाहिरातीत २५ हजार दिसले तर एकट्याने ५० हजारांच्या पुढची तयारी ठेवावी. एजंटला "काही कमी होईल का?" विचारण्याआधी हे विचारा: "एका माणसाचे, सगळं धरून, शेवटचे किती?" आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मी फोनवर ऐकलं, मान डोलावली आणि पैसे भरायच्या दिवशी पुन्हा हिशेब करत बसले.

खर्च झेपत नसेल तर नाताळाआधीचा आठवडा बघा. जहाज तेच, झाड सजवलेलं असण्याची शक्यताही बरीच, भाडं मात्र सहसा उतरलेलं. पैसे वाचवायला अनोळखी बाईसोबत केबिन वाटून घ्यायचा सल्ला मला दोघींनी दिला होता. मी तो देणार नाही. घोरण्यापासून दाराच्या कडीपर्यंत सगळंच नशिबावर. परदेशात काही जहाजांवर एकट्यांसाठी वेगळ्या छोट्या केबिन असतात. २०१० साली नॉर्वेजियन एपिक या जहाजावर अशा १२८ होत्या. मुंबईहून जाताना असं काही गृहीत धरू नका, विचारून घ्या.

'मुंबई तर काय, इथेच' म्हणून सकाळी निघणं

कसारा घाटात एक ट्रक आडवा झाला की काय होतं ते नाशिककराला सांगायला नको. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे घाटाचा ताप कमी झाला हे खरं. पण तो रस्ता तुम्हाला आमण्याला सोडतो, पुढची भिवंडी तुमची तुम्ही बघायची. जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधीच चेक-इन बंद होतं. धावत गेलं तर लोकल मिळते, जहाज मिळत नाही.

मी पंचवटी एक्सप्रेसने गेले. सकाळची गाडी, सीएसएमटीला उतरलं की बेलार्ड पियर टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. जहाज दुपारनंतरचं असेल तर हे पुरतं, तरी आदल्या दिवशी जाऊन मुंबईत मुक्काम केला तर झोप चांगली लागते. टॅक्सीवाल्याला नुसतं 'बोटीला जायचंय' म्हणू नका. माझ्यासमोर एक जोडपं भाऊच्या धक्क्याला जाऊन परत आलं होतं. तिथून मांडव्याची रो-रो सुटते. तिकिटावरचं गेटचं नाव वाचून दाखवा. ओळखपत्राची मूळ प्रत हातात ठेवा. फेरी लक्षद्वीपला जाणारी असेल तर प्रवेश परवाना लागतो, तो कोण काढणार हे पैसे भरतानाच विचारा.

आणि चढताना मोठी बॅग देऊन टाकली की ती केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत येते. औषधं, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत हवा. स्वेटर एकच पुरे. आपल्याकडे डिसेंबरात पारा दहाच्या आसपास गेलेला असतो म्हणून मी दोन स्वेटर आणि शाल कोंबली, तिकडे समुद्रावर घाम. शाल तेवढी रात्री डेकवरच्या वाऱ्यात कामाला आली. नाशिकची वाइन कोणाला भेट द्यायला नेऊ नका, बाहेरची बाटली काढून ठेवतात. इस्त्री आणि पाण्याची किटलीही नको.

सुरक्षेच्या कवायतीला दांडी मारणं

भोंगा वाजतो, सात छोटे आणि एक लांब, आणि सगळ्यांना आपापल्या जागी जमावं लागतं. लोक कंटाळतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया बुडाली तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. ३२ जण गेले. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यावर लगेच घ्यावी लागते. तुमची जमायची जागा बहुधा केबिन उघडायच्या की-कार्डवरच छापलेली असते. एकट्या माणसाने तिथे नुसतं उभं न राहता केबिनपासून तिथपर्यंतचा जिना एकदा चालून बघावा. रात्री दिवे गेले तर हात धरायला कोणी नाही.

घरी एकाला जहाजाचं नाव, केबिन नंबर आणि परतायचा दिवस लिहून द्या. केबिन नंबर जहाजावर मात्र कुणाला सांगत बसू नका. ओळख झाली की "आमच्याकडे या, चारशे सतरा" असं आपण मराठी माणसं सहज म्हणून जातो. रात्री दाराची आतली कडी लावा, आपला ग्लास टेबलावर सोडून नाचायला जाऊ नका.

कोपऱ्यात बसून जेवणं

पहिल्या रात्री मी बुफेतून ताट भरलं, खिडकीजवळची दोनची जागा पकडली आणि दहा मिनिटांत उठले. समोर सांताच्या टोप्या घातलेली पोरं आणि त्यांचे आई-बाप, सगळं गोकुळ. दुसऱ्या दिवशी मुख्य वेटरला सरळ सांगितलं, "मला मोठ्या टेबलावर बसवा." त्याला यात काही नवल वाटलं नाही. २४ तारखेच्या रात्री आमच्या टेबलावर सुरतच्या एक आजी होत्या. प्लम केकचा तुकडा समोर आला तसा त्यांनी चमच्याने उलटापालटा केला, वास घेतला आणि मला विचारलं, "बेन, आमां इंडुं छे?" मी वेटरला विचारलं. अंडंही होतं आणि रमही. त्याने बिनअंड्याचा आणून दिला. मी पर्समधून कोंडाजी चिवड्याचं सीलबंद पाकीट काढलं, ते टेबलभर फिरलं आणि पुढचे दोन दिवस आजी मला डेकवर शोधत होत्या. जैन किंवा बिनअंड्याचं हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. घरचा डबा चढू देत नाहीत, कंपनीच्या पॅकिंगचं चालतं का ते विचारा.

बाराच्या ठोक्याला घरी फोन करायचा बेत असेल तर तो सोडा. किनारा मागे पडला की मोबाइलला रेंज नसते, असतं ते जहाजाचं उपग्रहावरचं रोमिंग आणि त्याचं बिल डोळे पांढरे करतं. सुटतानाच फ्लाइट मोड लावा, शुभेच्छा आठ वाजताच देऊन मोकळं व्हा किंवा जहाजाचं वाय-फाय घ्या.

मळमळ आल्यावर गोळी घेणं

गंगापूर धरणाच्या बोटीत मला काही झालं नव्हतं, त्या जोरावर निघाले होते. धरण आणि अरबी समुद्र यांत फरक आहे. डिसेंबर-जानेवारीत समुद्र शांत असतो, तरी जहाज मंद डोलत राहतं. डॉक्टरांना विचारून ॲव्होमिनसारखी गोळी त्रासाआधीच घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. झोप येते, दारूसोबत अजिबात नको. केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर मागा. उशीर झालाच असेल तर उघड्या डेकवर जा, क्षितिजाकडे बघत बसा, आलेपाक चघळा. मोबाइल बघू नका.

बंदरावर घड्याळ विसरणं

ही माझी सगळ्यात मोठी चूक. गोव्यात जहाज मुरगावला लागतं, पणजीला नाही. नाताळ म्हणून मी एकटीच टॅक्सी करून जुन्या गोव्याला बॉम जीझस बॅसिलिकात गेले. जाताना तास लागला, म्हणून येतानाही तासच धरला. नाताळच्या दिवशी! परतीला पणजीच्या बाहेर गाडी जी थांबली ती थांबलीच. टॅक्सीवाला शांतपणे म्हणत होता, "मिळणार हो बाई." मी पोचले तेव्हा चढायची शेवटची वेळ व्हायला १२ मिनिटं उरली होती.

जहाजाने नेलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज सहसा थांबतं, तुम्ही स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. म्हणून शेवटच्या वेळेच्या तासभर आधी बंदरात हजर असा. परदेशी फेरीत जहाजाची वेळ आणि किनाऱ्याची वेळ वेगळी असू शकते, मनगटावर जहाजाचीच ठेवा. उतरताना ओळखपत्र, बँकेचं कार्ड, दिवसभराची औषधं आणि जहाजाच्या बंदरातल्या एजंटचा नंबर जवळ हवा. तो नंबर रोज केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर असतो, त्याचा फोटो काढा. जहाज सुटलंच तर आधी त्या एजंटला फोन. मग पुढचं बंदर मुंबईच असेल तर मडगाव गाठून मुंबईची गाडी किंवा बस बघा, बॅग तिथेच उतरेल.

बिल शेवटच्या सकाळी बघणं

जहाजावर रोख चालत नाही, सगळं की-कार्डवर चढतं. माझ्या नावावर न प्यायलेले दोन मॉकटेल निघाले. आदल्या रात्री दहाला रिसेप्शनवर गेले म्हणून पाच मिनिटांत वजा झाले, सकाळी तिथे रांग जिन्यापर्यंत होती. परतीची गाडी दुपारी बारानंतरची काढा, उतरायला वेळ लागतो. बॅगेला एखादी भडक रिबन बांधा, हॉलमध्ये दोनशे काळ्या बॅगा असतात आणि मी स्लीपर फटफटवत त्यातल्या निम्म्या उलटवून पाहिल्या होत्या.