‘जिझेल’ हा बॅले कसा पाहावा

‘जिझेल’ पाहण्यापूर्वी केवळ कथासार वाचणे पुरेसे नाही. या बॅलेचे दोन अंक दोन निराळ्या कल्पनांतून जन्मले आहेत आणि ते मूळ ठाऊक असले, तर त्यांचा सांधा रंगमंचावर ओळखता येतो. म्हणून आधी उगम समजून घ्यावा.

हाइन्रिख हाइने यांनी जर्मन लोकसमजुतींची फ्रेंच वाचकांना ओळख करून देताना ‘विलीं’विषयी लिहिले होते: लग्नाआधीच मरण पावलेल्या वाग्दत्त वधू मध्यरात्री थडग्यातून उठतात आणि वाटेत सापडलेल्या तरुणाला मरेपर्यंत नाचवतात. यावरून कवी थिओफिल गोतिए यांना दुसरा अंक सुचला. पहिल्यासाठी मात्र त्यांच्या मनात व्हिक्टर ह्यूगो यांच्या कवितेतली, नृत्याच्या वेडापायी पहाटेच्या गारठ्यात जीव गमावणारी मुलगी होती. अनुभवी संहिताकार सें-जॉर्ज यांच्या साहाय्याने आधी योजलेल्या नृत्यदालनाऐवजी द्राक्षांच्या हंगामातले ऱ्हाइनकाठचे खेडे आले, आणि शेतकऱ्याच्या वेषात जिझेलला फसवणारा सरदार आल्ब्रेख्तही आला. बॅले टिकला तो बहुधा याच बदलामुळे. थंडीने मेलेल्या नायिकेला क्षमा करण्यासारखे कोणी उरलेच नसते. आदोल्फ आदाँ यांच्या संगीतासह २८ जून १८४१ रोजी पॅरिस ऑपेरात पहिला प्रयोग झाला, तेव्हा कार्लोत्ता ग्रिझी जिझेल होत्या.

पहिल्या अंकात नजर आल्ब्रेख्तच्या तलवारीवर ठेवावी. तो ती झोपडीत लपवतो, जिझेलवर प्रेम करणारा वनरक्षक हिलारियन ती शोधून काढतो आणि तिच्यामुळेच खोटेपणा उघडा पडतो. फुलाच्या पाकळ्या तोडून प्रेमाचा कौल घेण्याच्या प्रसंगातले संगीत नीट ऐकून ठेवावे, कारण फसवणूक कळून जिझेलचे भान हरपते तेव्हा तेच सूर विस्कटलेल्या रूपात परततात. आई बेर्थ हातांच्या खुणांनी विलींची गोष्ट सांगते; डोक्यावर एकमेकांभोवती फिरणारे हात म्हणजे नृत्य आणि पुढे मनगटांशी फुली करून धरलेल्या मुठी म्हणजे मृत्यू. अनेक प्रयोगांत हा भाग कापला जातो, आणि मग दुसऱ्या अंकातल्या विली आकाशातून पडल्यासारख्या वाटतात.

दुसऱ्या अंकात, मरून विली झालेली जिझेल विलींची राणी मिर्था हिच्या हुकमाने नाचते, तरी तिचा प्रयत्न आल्ब्रेख्तला पहाटेपर्यंत जिवंत ठेवण्याचा असतो. प्रत्येक नृत्याकडे वेळ काढण्याची धडपड म्हणून पाहिले, तर लांबलेले नाच कंटाळवाणे होत नाहीत.

समोर दिसते ती रचना जशीच्या तशी १८४१ची समजू नये. कोराली व पेरो यांनी बसवलेला हा बॅले १८६८ नंतर पॅरिसमध्ये मागे पडला आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये नृत्यरचनाकार मारियुस पेतिपा यांनी तो नव्याने घडवला; आजचे बहुतेक प्रयोग त्याच परंपरेतले आहेत. शेवटही बदलला आहे. मूळ संहितेत जिझेल आल्ब्रेख्तला त्याच्या वाग्दत्त वधूकडे, बाथिल्डकडे, परत जाण्यास सुचवते, तर आता तो बहुधा थडग्यापाशी एकटाच उरतो.